सुट्टी संपवून आखाताकडे

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कोकण रेल्वेच्या स्थानकांवर दोन उलट्या दिशांची माणसे दिसतात. गणपती त्या सुमारास आले की मुंबईहून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. समोरच्या फलाटावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत मोठ्या चाकांच्या बॅगा, सुतळीने बांधलेले खोके आणि डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या उभ्या असतात. एकीकडे माणसे गावी येत असतात, तर दुसरीकडे आमच्या मोहल्ल्यांतली कुटुंबे आखाताकडे परतत असतात. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतल्या वाचकांना हे दृश्य सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांच्या घरातून या महिन्यात कोणी ना कोणी गेले असेल.

परतणाऱ्यांत शिक्षकांचा एक वेगळा गट असतो. ड्रायव्हर, टेक्निशियन किंवा दुकानात काम करणारा माणूस वर्षात कधीही सुट्टीवर येतो, पाळीपाळीने येतो. आम्ही शिक्षक मात्र एकाच वेळी येतो आणि एकाच वेळी जातो. तिकीट सर्वांत महाग असते तेव्हा आम्हाला ते काढावेच लागते. शिवाय आम्ही बहुतेक जणी मुलांसह जातो, त्यामुळे मागे राहिलेले घर एकदम रिकामे होते.

मी कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत उर्दू शिकवते. या सप्टेंबरात तिथे मला नऊ वर्षे पूर्ण झाली. हा लेख लिहिते आहे तेव्हा शाळा सुरू होऊन आठवडा झाला आहे. सुट्टीनंतरचे हे परतणे म्हणजे नेमके काय असते, त्यात काय सांभाळावे लागते आणि ते कधी थांबवायचे हे कसे ठरवावे, याविषयी जे पाहिले आणि शिकले ते सांगावे म्हणून लिहिते आहे.

जुने नाते

कुवेत आणि मुंबई यांचे येणे-जाणे तेलाच्या आधीचे आहे. कुवेतचे व्यापारी मोती घेऊन मुंबईला येत, लाकूड, तांदूळ, मसाले घेऊन परत जात. आपले कोकणी लोक जहाजांवर खलाशी होतेच. १९६१ मध्ये कुवेतचा दिनार निघाला, तोवर तिथल्या बाजारात रुपया चालत होता. भारतीय मुलांसाठीची शाळा तिथे १९५९ पासून आहे. म्हणजे भारतीय शिक्षकांच्या तीन पिढ्या तरी सुट्टी संपवून तिकडे परतत आल्या आहेत.

आमच्या शाळा सीबीएसईच्या. वर्ष एप्रिलला सुरू होते, जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत उन्हाळी सुट्टी. तिथला उन्हाळा कसा असतो ते एका आकड्यावरून कळेल. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जगातल्या सर्वाधिक विश्वासार्ह नोंदींपैकी ती एक आहे. त्या उन्हातून निघून आपण कोकणच्या मुसळधार पावसात येतो. मुलांना याची मोठी मजा वाटते. मोठ्यांची मात्र अडचण होते, कारण गावची जी कामे वर्षभर साठवून ठेवलेली असतात ती पावसात होत नाहीत. कौले शाकारता येत नाहीत, जमिनीची मोजणी होत नाही, रस्त्याला दरड आली की तालुक्याच्या ठिकाणी जाणेही राहून जाते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि खेडची बाजारपेठ पाण्यात गेली, तेव्हा सुट्टीवर आलेल्या कितीतरी जणांची सुट्टी चिखल काढण्यात संपली.

आता तर सुट्टीवर निघण्यालाही परवानगी लागते. १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रात काम करणाऱ्या परदेशी माणसाला कुवेतबाहेर पडण्यासाठी मालकाची संमती ऑनलाइन घ्यावी लागते. ती मिळाल्याशिवाय विमानतळावरून पुढे जाता येत नाही. शाळेतल्या सगळ्यांना एकाच आठवड्यात ती हवी असते, त्यामुळे अर्ज लवकर करणे बरे. अकामा, म्हणजे वास्तव्याचा परवाना, याचाही नियम लक्षात ठेवावा लागतो. सलग सहा महिने बाहेर राहिले तर तो रद्द होतो. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, काहीही असो, हा सहा महिन्यांचा आकडा डोक्यात असतो.

परतता न आलेले ऑगस्ट

परतणे हे आपल्या हातात असते असे वाटते, पण आमच्या घराने दोनदा वेगळे पाहिले आहे.

पहिल्यांदा १९९० मध्ये. माझे सासरे तेव्हा कुवेतमध्ये एका गोदामात स्टोअरकीपर होते. जुलैमध्ये ते सुट्टीवर गावी आले. २ ऑगस्टला इराकच्या सैन्याने कुवेत घेतले. शाळांना सुट्टी असल्यामुळे बरेच शिक्षक आणि बरीच मुले त्या वेळी भारतातच होती. जे तिथे अडकले त्यांचे हाल सर्वांना माहीत आहेत. बसमधून इराकमार्गे जॉर्डन, तिथल्या वाळवंटातले तंबू आणि मग अम्मानहून एअर इंडियाचे विमान. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना तेव्हा बाहेर काढले गेले. पण जे सुट्टीवर होते त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही. ते सुखरूप होते, पण त्यांचे घरातले सामान, बँकेतला पैसा, नोकरी आणि थकलेला पगार सगळे तिकडे होते. घरात साठवलेले कुवेती दिनार कोणी बदलून देईना. अब्बांनी सहा महिने ट्रान्झिस्टर कानाला लावून काढले. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस कुवेत मोकळे झाले, पण पुन्हा व्हिसा मिळून ते परतेपर्यंत वर्ष उलटले.

अब्बांच्या बाबतीत एक गोष्ट कामाला आली. पगाराच्या चिठ्ठ्या, कराराची प्रत आणि अकाम्याची झेरॉक्स ते दर सुट्टीत गावी आणून पत्र्याच्या पेटीत ठेवत. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला, भारत सरकारमार्फत दावे गेले, तेव्हा त्या पेटीतले कागद निघाले. भरपाई यायला वर्षे लागली, पण आली. त्यांच्या बरोबरच्या एका गृहस्थाचे सगळे कागद कुवेतच्या खोलीत राहिले होते. त्यांना आपण तिथे नोकरीला होतो हेच सिद्ध करायला किती तरी हेलपाटे पडले.

दुसरी वेळ २०२० ची. फेब्रुवारीअखेरच्या राष्ट्रीय सुट्टीनंतर कुवेतच्या शाळा उघडल्याच नाहीत. मेपासून वंदे भारत मोहिमेची विमाने सुटली आणि माझ्या काही सहकारी उन्हाळ्यात घरी गेल्या. १ ऑगस्टपासून कुवेतने भारतासह ३१ देशांतून थेट येणे बंद केले. कोणी दुबईत चौदा दिवस काढून परत आले, पण त्या खर्चात दोन महिन्यांचा पगार गेला. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये तर परदेशी माणसांना येणेच बंद झाले, ते १ ऑगस्ट २०२१ ला लस घेतलेल्यांसाठी उघडले. सहा महिन्यांचा नियम त्या काळात शिथिल केला होता म्हणून अनेकांचे अकामे वाचले.

मंडणगड तालुक्यातली माझी एक मैत्रीण त्या वर्षी गावातूनच कुवेतच्या मुलांना गणित शिकवत होती. तिथले साडेसात म्हणजे आपले दहा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या घराची अर्धी कौले उडाली होती आणि गावात कितीतरी दिवस वीज नव्हती. नेटवर्क मिळायचे ते टेकडीवरच्या दर्ग्याजवळ. छत्री घेऊन तिचा मुलगा शेजारी उभा राहायचा आणि ती मोबाइलवर वर्ग घ्यायची. नोकरी टिकली ती त्या टेकडीमुळे.

जून २०२५ मध्ये इराणकडून कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सुटली, तेव्हा कुवेतनेही काही तास आपले आकाश बंद ठेवले. सुट्टीला निघालेली कुटुंबे विमानतळावर बसून राहिली. म्हणून आमच्या घरात एक रीत पडली आहे. सुट्टीवर येताना आणि परतताना कागदांचे दोन संच असतात. एक बरोबर, एक मागे. करार, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सिव्हिल आयडी, बँकेचा उतारा, मुलांचे शाळेचे दाखले. मोबाइलमधले फोटो पुरेत असे तरुण म्हणतात. फोटोही असू द्यावेत, पण छापील प्रत असावी.

बॅग भरताना

परतायच्या आधीचे चार दिवस घरात फक्त बॅगेची चर्चा असते. आंबापोळी, फणसपोळी, आमसुले, काजूगर, सुका जवळा, तांदळाचे पीठ, घरचा मसाला. प्रत्येकीला आपल्या लेकीच्या बॅगेत आणखी एक पुडी घालायची असते. प्रेम समजते, पण काही गोष्टी बजावून सांगायला हव्यात.

खसखस कुठल्याही आखाती देशात नेऊ नये. आपण ती मसाल्यात आणि खिरीत घालतो, पण सौदी आणि अमिरातीत ती मादक पदार्थांत धरली जाते. दोन चमचे खसखशीसाठी माणूस तुरुंगात जाऊ शकतो. घरचा मसाला कुटायला देतानाच त्यात ती नको हे सांगून ठेवावे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांच्याबाबतही तेच. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळते म्हणून तिकडे चालते असे नाही. नेहमीची औषधे न्यायची असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या नावासह बरोबर हवी आणि औषध मूळ पाकिटात हवे. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते, म्हणून विमान कंपन्या खोबऱ्याच्या वाट्या घेत नाहीत. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याची बंद पुडी. “माझ्या जावयाला एवढे लोणचे द्याल का” असे म्हणत शेजारीण येते आणि नाही म्हणणे जड जाते. आमच्याकडे पाकीट समोर उघडून पुन्हा बांधायचे असा नियम आहे, मग ते सख्ख्या नात्यातले का असेना. ज्याला राग येईल त्याला येऊ द्यावा. नातेवाइकाच्या पुडीत निघालेल्या वस्तूपायी निरपराध माणसे परदेशातल्या तुरुंगात गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

सुट्टीत करून घ्यायची कागदांची कामेही असतात. पदवी आणि बीएडची प्रमाणपत्रे कुवेतसाठी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मग कुवेतची वकिलात अशा क्रमाने शिक्के मारून घ्यावी लागतात. नव्याने जाणाऱ्या बहिणींनी आणखी एक लक्षात ठेवावे. कुटुंबाच्या व्हिसासाठी उर्दूतला निकाहनामा एकटा पुरत नाही, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेतला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आपल्या राज्यात त्यासाठीचा कायदा १९९८ चा आहे, त्यात काझींच्या सहीने निकाहाची नोंद सहज होते. लग्नाच्या धामधुमीत ती राहून जाते आणि मग व्हिसाच्या वेळी नवरा तिकडे, बायको इकडे, अशी धावपळ होते. लग्न झाल्या झाल्या महिन्याभरात नोंद करून टाकावी.

वर्गात पहिला आठवडा

सप्टेंबरच्या सुरुवातीलाही कुवेतमध्ये दुपारी पंचेचाळीस अंशांच्या आसपास असते. प्रार्थना मैदानावर होत नाही. वर्गात एसीचा आवाज आणि मुलांच्या अंगाला गावाहून आणलेल्या तेलाचा वास. माझ्या उर्दूच्या वर्गात हैदराबादची, बिहारची, उत्तर प्रदेशची आणि आपल्या कोकणातली मुले असतात. पहिल्या दिवशी हजेरी घेताना काही नावांपुढे उत्तर येत नाही. कोणाचे विमान दोन दिवसांनी असते. कोणाच्या अब्बांची नोकरी सुट्टीतच गेलेली असते आणि दाखला न्यायला नुसता एखादा काका येतो. शाळेच्या भाषेत त्याला नाव कमी होणे म्हणतात. मुलांना मात्र मित्राचा रिकामा बाक दिसतो.

सुट्टीवर निबंध लिहायला सांगायची पद्धत जुनी आहे. मी ती थोडी बदलली. सुट्टीत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाने तुम्हाला सांगितलेली एक गोष्ट लिहा, असे सांगते. त्या वह्या वाचताना कळते की ही मुले वर्षातले दहा आठवडे किती काही साठवतात. नदीला पूर आला की गुरे कुठे नेतात, नानीच्या लग्नात बैलगाडी कशी उलटली, आजोबांना पोहायला कोणी शिकवले. आठवीतल्या एका मुलाने फक्त चार ओळी लिहिल्या होत्या. त्याच्या दादीला आता त्याचे नाव आठवत नव्हते, तिने त्याला त्याच्या अब्बांच्या नावाने हाक मारली आणि तो “हो” म्हणाला. त्या वहीखाली मी लाल शेरा मारला नाही.

आमच्या शाळेत मराठी हा विषय नाही. म्हणून कोकणातल्या घरांना माझे सांगणे असते की मुलांशी घरात आपली बोली बोला आणि सुट्टीत त्यांना एसटीचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्राचे मथळे वाचायला लावा. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते. हे मासिकही घरात ठेवावे. आजीला आलेला मेसेज तिच्या भाषेत वाचून दाखवता येणे एवढे तरी यायलाच हवे.

बारावीचे वर्ष

आखातातल्या प्रत्येक घरात एक वर्ष असे येते की त्यानंतर परतणे पूर्वीसारखे राहत नाही. ते मुलांच्या बारावीचे. शाळेपर्यंत शिक्षण चांगले, पण पुढे परदेशी मुलांसाठी कुवेतमध्ये कॉलेजच्या वाटा कमी आणि महाग. मूल भारतात जाते आणि कुटुंबाचे दोन भाग होतात.

इथे आधीपासून विचार हवा, म्हणून माहिती देते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे केंद्र २०२१ पासून कुवेतमध्ये मिळू लागले, त्यामुळे परीक्षेसाठी मुलाला भारतात पाठवावे लागत नव्हते. पण महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय जागा हवी असेल तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. रहिवासाचा दाखला असून भागत नाही. हे अनेकांना बारावीनंतर कळते, तेव्हा उशीर झालेला असतो. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी नववीतच निर्णय घ्यावा. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी एनआयटीसारख्या संस्थांत आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांना वेगळ्या जागा असतात. त्यांची फी इतर परदेशस्थ विद्यार्थ्यांपेक्षा बरीच कमी असते, प्रवेश जेईईच्या गुणांवर होतो. शाळेतल्या समुपदेशकाला याबद्दल विचारावे आणि संबंधित संस्थेची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर चालू नये.

माझी मुलगी या वर्षी बारावीत आहे. म्हणून हा प्रश्न आमच्या घरात या सुट्टीत रोज जेवणाच्या ताटाभोवती होता.

मागे राहिलेले घर

आमच्या गावच्या घरात सासूबाई असतात. वय शहात्तर, मधुमेह. अब्बा गेल्यानंतर त्या कुवेतला दोनदा येऊन गेल्या, पण त्यांना तिथे करमत नाही. फ्लॅटच्या खिडकीतून फक्त दुसरी खिडकी दिसते असे म्हणतात. या जूनमध्ये आम्ही यायच्या आठवडाभर आधी त्या पडवीत घसरल्या. हाड मोडले नाही, पण चालण्यातला विश्वास गेला. सुट्टीभर मी त्यांना हात धरून अंगणात फिरवले. दिवस कमी होत गेले तशी त्यांची पावले वाढत गेली, अल्हम्दुलिल्लाह.

परदेशी परतणाऱ्या बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांची व्यवस्था ही अंदाजाने केलेली असते. शेजारी आहेत, नणंद जवळ आहे, मोहल्ला आहे, असे आपण म्हणतो. या वेळी आम्ही ती कागदावर उतरवली. डॉक्टर, मेडिकल, रिक्षावाला आणि दोन शेजारी यांचे नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले. औषधांच्या आठवड्याच्या डब्या भरून दिल्या आणि दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर डबी दाखवायची असे ठरले. पडवीत आणि न्हाणीत हाताला धरायला दांडे बसवले. नणंद चिपळूणला असते, ती पंधरा दिवसांनी येते, तिच्या येण्याजाण्याचा आणि श्रमाचा खर्च आम्ही दर महिन्याला तिच्या खात्यात टाकतो. सुरुवातीला ती घेत नव्हती. आईची सेवा आहे, त्याचे पैसे कसले, म्हणाली. माझ्या नवऱ्याने तिला समजावले की सेवा तिची आहेच, पण जबाबदारी सगळ्यांची आहे, आणि तिच्या घरात तिला कोणाचे ऐकून घ्यावे लागू नये. जमिनीच्या सातबाऱ्यावर अब्बांच्या वारसांची नोंद राहिली होती, तो अर्जही या सुट्टीत तलाठ्याकडे दिला.

किती वर्षे अजून

आखातात “अजून एक वर्ष” हे वाक्य सर्वांत जास्त बोलले जाते. घराचे छत, मग बहिणीचे लग्न, मग मुलांची फी. कारणे खोटी नसतात. पण वर्षाला शेवट नसेल तर माणूस साठीला पोहोचतो आणि गावात त्याच्या ओळखीचे कोणी उरत नाही. कुवेतमध्ये पगारावर आयकर नाही, पण भारतीयांना तिथे पेन्शनही नाही. नोकरी सोडताना जी सेवासमाप्तीची रक्कम मिळते तीच काय ती. तिचा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडायला शिकावा.

कुवेतच्या २०१० च्या कामगार कायद्यानुसार महिन्याच्या पगारावरच्या माणसाला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी पंधरा दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एक महिन्याचा पगार मिळतो. महिना २६ कामाच्या दिवसांचा धरतात. स्वतः राजीनामा दिला तर मात्र तीन ते पाच वर्षांत अर्धी, पाच ते दहा वर्षांत दोन-तृतीयांश आणि दहा वर्षांनंतर पूर्ण रक्कम. माझेच उदाहरण घ्या. मुलीची परीक्षा झाल्यावर मार्चअखेर मी नोकरी सोडली तर साडेनऊ वर्षे होतात. पहिल्या पाच वर्षांचे ७५ दिवस आणि पुढच्या साडेचार वर्षांचे ११७, मिळून १९२ दिवस. त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे १२८ दिवस, पाच महिन्यांचा पगारही नाही. तेच पुढच्या सप्टेंबरात दहा वर्षे भरल्यावर सोडली तर २०५ दिवसांचा, म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांचा पगार. सहा महिन्यांच्या फरकाने तीन महिन्यांचा पगार जातो. मुलीच्या कॉलेजचे पहिले वर्ष त्यात निघते.

दुसऱ्या बाजूला अम्मींची पावले होती. आम्ही दोघांनी पुष्कळ बोलून असे ठरवले. पुढच्या उन्हाळ्यात मी नेहमीप्रमाणे जूनमध्ये येईन, मुलीच्या प्रवेशाचे पाहीन, ऑगस्टअखेर परतेन. दहा वर्षे पूर्ण होतील, पण सप्टेंबरात सोडणार नाही, कारण वर्ग अर्ध्यात टाकून जाणे मुलांवर अन्याय होईल. तीन महिन्यांची नोटीस डिसेंबरअखेर देऊन मार्चमध्ये कायमची येईन, इन्शाअल्लाह. माझे यजमान धाकट्या मुलाच्या शाळेपुरते तिथे राहतील. ही तारीख आम्ही वहीत लिहिली आहे आणि दोघांनी खाली सही केली आहे.

अम्मींना सांगितले तेव्हा त्यांनी बोटांवर मोजले. म्हणाल्या, “म्हणजे हा ऑगस्ट आणि आणखी एक.” मग म्हणाल्या, “तोवर मी न्हाणीपर्यंत एकटी जायला शिकते.”

जे परत यायचे ठरवतात त्यांनी शेवटच्या वर्षात चार कामे करावीत. अनुभवाचा दाखला शाळेकडून घेऊन तो तिकडेच प्रमाणित करून घ्यावा, भारतात बसून ते अवघड जाते. बँकेला परतल्याचे कळवावे, कारण परदेशस्थांचे एनआरई खाते परतल्यावर साध्या निवासी खात्यात बदलावे लागते. मुलांचे दाखले आणि गुणपत्रिका मूळ प्रतींसह घ्याव्यात. आणि शिक्षकांनी इथल्या नोकरीचा विचार आधीच करावा. महाराष्ट्रात २०१३ पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा लागू आहे, बीएड असलेल्यांना सहावी ते आठवीचा पेपर देता येतो. चाळिशीनंतर अनुदानित शाळेत नवी नेमणूक जवळपास मिळत नाही, हे माहीत असावे. पण विनाअनुदानित शाळांना, रात्रशाळांना, मोहल्ल्यातल्या अभ्यासवर्गांना अनुभवी शिक्षक हवे असतात. आमच्या गावात दहावीच्या मुलींना गणित आणि इंग्रजीची शिकवणी घ्यायला खेडपर्यंत जावे लागते, पावसात ते बंद पडते. अम्मींच्या घराची माडी रिकामी आहे. तिथे दहा मुली बसू शकतात, मी मोजून पाहिले आहे. दोन बाक आणि एक फळा एवढेच घ्यायचे आहे. फळ्याची किंमत मी येण्याच्या आदल्या दिवशी खेडच्या बाजारात विचारून ठेवली आहे.